कागदावर नसलेलं नाक

दिगंबर सर गेल्याचा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी कुकर लावत होते. त्याला महिना होऊन गेला... दोष सगळा माझा नव्हता अशी माझी मीच समजूत घालतेय. ती काही पटत नाही.

मुरुमला आम्ही बावीस वर्षं एकाच शाळेत होतो. मी विज्ञान शिकवायचे, ते चित्रकला. "सर, तुमच्या विषयात कुणी नापास होत नाही, म्हणून पोरं तुमच्यावर खूश," असं मी चिडवलं की नुसते हसायचे. शाळा सुटल्यावर ते गावोगावच्या मयत माणसांची चित्रं काढून देत. जुन्या माणसांचे फोटो नसत. मग सर मुलाला नाहीतर भावाला समोर बसवत आणि घरच्यांना विचारत विचारत गाल बसवत, मिशा वाढवत. चित्र पुरं झालं की घरातली म्हातारी पदर डोळ्याला लावून "व्हय, हेच" म्हणायची. त्या "व्हय"ची सरांना मोठी चटक होती.

दोन वर्षांपूर्वी गावातलं एका सराफाचं दुकान फुटलं, राखणदाराला जबर मारहाण झाली. फुटलेल्या काचेवर चोराचं रक्त सापडलं. त्यातल्या डीएनएवरून चोर दिसायला कसा असेल, याचा अंदाज एका खासगी प्रयोगशाळेनं पाठवला. पोलीस तो इंग्रजी कागद घेऊन सरांकडे आले आणि सर माझ्याकडे. मी वाचून दाखवलं: डोळे बहुधा घारे, रंग गव्हाळ, केस कुरळे. बस्स. नाक, हनुवटी, काहीच नाही. घाऱ्या डोळ्यांचा अंदाज सगळ्यात कच्चा असतो आणि ही पद्धत बेतलीय बहुतेक परदेशी माणसांच्या नमुन्यांवर, हे मला ठाऊक होतं. मी "बहुधा" वाचलं, पण त्यावर थांबले नाही. मधली सुट्टी होती, डबा उघडा पडला होता... खरं कारण एवढंच.

सरांनी तासाभरात पूर्ण चेहरा काढून दिला. अर्धा चेहरा ठेवणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. चित्र मोबाईलवर फिरलं आणि दुसऱ्याच दिवशी लोकांनी सिद्रामला ओळखलं. हा स्टँडजवळ पंक्चर काढणारा, घाऱ्या डोळ्यांचा. पोलिसांनी नेलं, रक्त तपासायला पाठवलं. जुळलं नाही म्हणून सोडलं, पण तोवर त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली होती. गावात आणखी दोन-तीन घारे होते, त्यांच्याकडेही लोक वळून बघायला लागले.

सर चपला न काढताच माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, घात झाला. त्याच्या बापाचं चित्र मीच काढलेलं. फोटो नव्हता, म्हणून सिद्रामलाच समोर बसवलं होतं. डोळे घारे म्हणल्यावर हात तिकडंच गेला... मला कळलंच न्हाय."

"पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणले, सोडलंय की त्याला. पण लोकांना कोण सांगणार? तुम्ही चला संगं. कागदात काय होतं न काय नव्हतं, तुमच्या तोंडून पटंल."

"येते की," मी म्हणाले. मग परीक्षा आल्या, मग नातवाचं बारसं, मग ऊन... सर दर आठवड्याला विचारायचे, पुढं विचारेनासे झाले. एकटेच जाऊन आले. सर भोळे, म्हणून सिद्रामला झाकतायत, असं लोक म्हणाले. त्यांनी चित्रं काढणंच सोडलं.

तेरावं झाल्यावर मी सिद्रामच्या घरी गेले. शेजारचे चार जण बोलावले आणि सांगितलं की कागदात चेहरा नव्हताच, तो सरांनी हाताच्या सवयीनं भरला. सिद्राम खाली बघून म्हणाला, "बाई, हे तुमी आज सांगायलाव. सर हितं हात जोडून गेले, तवा तुमी संगं असता तर पोरीचं लगीन झालं असतं. आता ते न्हाईत, तर समदं त्यांच्यावर घालून मोकळ्या व्हायलाव व्हय?"

समोर भिंतीवर त्याच्या बापाचं चित्र होतं. एवढं होऊनही त्यानं ते उतरवलं नव्हतं. हार ताजा होता आणि खाली कोपऱ्यात सरांची बारीक सही होती. मी त्या सहीकडे बघत म्हणाले, "कागद मी वाचला होता."