गाडीचं कपाळ

चिदंबर दुसऱ्यांदा गाडीखाली शिरला तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते, पण खांदे भरून आले होते. वय त्रेसष्ट. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याने तीस वर्षं काचेची भांडी धुतली होती. घासणं त्याला नवं नव्हतं. फक्त त्यासाठी पाठीवर झोपावं लागलं नव्हतं.

गाडी लहान, लाल, पंधरा वर्षांची. नोंदणी वाढवून घ्यायला तो परवा आरटीओत गेला होता. तपासनिसाने बॉनेट उचललं, खाली वाकून पाहिलं आणि परत पाठवलं. तळाचा पत्रा तेल-चिखलाने लिंपलेला, गंज आहे की नाही कळत नाही. आणि इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर तर वाचताच येत नाही. शुक्रवारी मुदत संपत होती. आज गुरुवार.

त्याची बायको वरलक्ष्मी आठवड्यातून दोनदा तिरुवैयारूला वीणा शिकवायला जाई. गुडघ्यामुळे बसची पायरी तिला चढवत नसे. गाडी गेली की शिकवणी गेली. दोघांनाही हे ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नव्हतं.

पुढची चाकं त्याने जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती, मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या. बॅटरीची तार सोडून, पाणी जाऊ नये तिथे प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. खाली भाताचं तूस पसरलं होतं, म्हणजे काळं तेल गल्लीत वाहायला नको. तेलकट काट सोडवायचं औषध फवारायचं, दहा मिनिटं थांबायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फवारायचं. तेलाचे ओघळ कोपरापर्यंत येत होते. शेजारचा राघवेंद्र दूध घेऊन जाताना थबकला.

"चिदंबरअण्णा, अभ्यंग चाललंय की बाळंतपण?"

चिदंबरने गाडीखालून नुसता ब्रश हलवला.

दुपारपर्यंत तळाचा पत्रा दिसू लागला. गंज होता, पण वरवरचा. इंजिनही उजळलं. नंबराच्या जागी मात्र विटेसारखा घट्ट पिवळट थर तसाच राहिला. औषधाने तो जराही हलेना. चिदंबरने नखाने खरवडून नाकाशी नेलं. तेलाच्या वासामागे चंदनाचा वास होता.

तो पायरीवर जाऊन बसला. नवरात्रातल्या आयुधपूजेला गंध-कुंकू कपाळालाच लावायचं, चाकाला नाही, असं त्याचे अप्पा सांगत. आणि यंत्राचं कपाळ म्हणजे जिथे त्याचा नंबर ती जागा. अप्पा आपल्या सायकलला तसंच लावत. चिदंबरने पंधरा वर्षं न चुकता लावलं होतं. आदलं गंध पुसायचं नाही म्हणून त्याच्यावरच. इंजिनाच्या तापाने ते भाजून निघालं होतं.

वरलक्ष्मी कॉफी घेऊन आली, तेव्हा त्याने पत्र्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. ती हसली नाही. हसायचंही त्राण दोघांत नव्हतं.

"खरवडू नका," ती म्हणाली. "अंक झिजतील. भिजू द्या."

हे खरं तर त्यानेच सांगायला हवं होतं. प्रयोगशाळेत पोरांना तो हेच सांगत आला होता. तिने न्हाण्याच्या शिकेकाईचा कढत लेप करून आणला, त्याने तो फडक्याने दाबून धरला. तासाभराने थर सुटू लागला. मग दाताच्या जुन्या ब्रशने एकेक अंक. ती स्टुलावर बसून गाडीच्या कागदावरून वाचत होती. घरात बोलणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून आकडे दोघांनाही तमिळमध्येच येत. शेवटच्या अंकापाशी तो फार वेळ अडला.

"एळु," ती पुन्हा म्हणाली.

पत्र्यावर सात उमटला. त्याने अंकांवर कोरा कागद धरून पेन्सिल फिरवली, सगळे अंक कागदावर आले.

"येत्या आयुधपूजेला गंध कुठे लावणार?" तिने विचारलं.

"स्टीअरिंगला."

"अप्पांना चाललं असतं?"

त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "अप्पांना गाडी चालवता कुठे येत होती?"

शुक्रवारी तपासनिसाने नंबर उतरवून घेतला, तळाशी विजेरी मारून पाहिलं आणि शिक्का मारला. शनिवारी तिरुवैयारूच्या वळणावर चिदंबरच्या खांद्यात कळ आली, स्टीअरिंग पुरतं फिरेना. वरलक्ष्मीने मांडीवरची वह्यांची पिशवी बाजूला ठेवली, हात पुढे करून चाकाला जोर दिला आणि पुन्हा बाहेर बघत बसली.