कंत्राटी बायांची मागणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, युनियनमधल्या जिवलगांनाही नाही. तुम्हाला सांगतो.

बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लाल बावट्याच्या युनियनचा सेक्रेटरी होतो. आता नव्वदचं दशक सरत आलं, जगभर बाजार मांडलाय, तर पोरं मला डिवचतात — काका, तुमचा साम्यवाद गेला ना अडगळीत? मी हसतो. अरे, एमआयडीसीच्या कुठल्याही गेटवर जाऊन उभे राहा. आत कायम किती, कंत्राटी किती, डोळ्यांनी बघा! भांडवल सातासमुद्रापार फिरतंय आणि कामगार कायम-कंत्राटी अशा दोन रांगांत एकमेकांकडे पाठ करून उभा आहे. हा विचार आज जास्तच लागू पडतो. यावर कुणीही माझ्याशी वाद घालावा.

पण मग मी काय केलं?

ऐंशीच्या दशकात आमचा संप झाला. रंगाची पोती भरायला डोंगराकडच्या पाड्यांवरून बाया यायच्या, ठेकेदाराच्या. हात कोपरापर्यंत निळे. संपात आम्ही कायमवाले पाळी लावून गेटवर बसायचो — त्या मात्र रोज, सगळ्या. चुलीवरचा भात त्यांचा, किनाऱ्यावरच्या मुरबे गावातून मागून आणलेली सुकटही त्यांचीच. आम्ही ताव मारायचो. मागणीपत्रात पहिली मागणी होती, कंत्राटी बायांना कायम करा. ती मीच लिहिली होती.

वाटाघाटीला मॅनेजरच्या केबिनमध्ये मी एकटा गेलो. साहेब म्हणाला, बायांचं करू, पण मग तुमची पगारवाढ कमी होईल. कळतंय ना? त्याने नाही म्हटलंच नव्हतं. मी पेन मागून घेतलं — आणि पहिली मागणी खोडली. कुणी धमकावलं नव्हतं. मला वाढ हवी होती, आणि जिंकून बाहेर यायचं होतं.

बाहेर येऊन सांगितलं, वाढ मिळाली, संप मिटला, पण बायांच्या बाबतीत मालक ऐकेचना.

लखमी त्या बायांची पुढारी. मलाच धीर देत म्हणाली, "तुमी भांडलात ना आमच्यासाटी? मालकच नीच हाय, दादा. तुमचा काय दोष नाय."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने, संपात बसल्या म्हणून, त्या सगळ्यांना कामावरून काढून गेटवरूनच परत पाठवलं. मी आत होतो. जाता जाता त्यांनी माझ्या नावाने जिंदाबादची घोषणा दिली, आणि मी आतून मूठ वर केली.