दोन बोटं कमी

मला बघायला भोकरदनकडची मंडळी आली तेव्हा मी लष्करी इस्पितळात सिस्टर होते, हुद्द्यानं लेफ्टनंट, आणि रजेवर मंठ्याला घरी आले होते. मुलगाही फौजेत लेफ्टनंटच. आईनं आम्हा दोघांना शेजारी उभं केलं. मी दोन बोटं कमी भरले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी सावळी असल्याचं त्याच्या मामांनी एकदा बोलून दाखवलं, मग सुपारी फुटली.

मुलगा मला आवडला होता. कमी बोलायचा, पण बोलायचा ते माझ्याकडे बघून. लग्न केलं की आम्हा सिस्टरांना नोकरी सोडावी लागे. तेही मी कबूल केलं होतं. लग्नाला चार महिने होते.

तेवढ्यात इस्पितळाचं पत्र आलं. मला कॅप्टन केलं होतं. खांद्यावर दोनाचे तीन तारे आणि हाताखाली अख्खा वॉर्ड. त्या वॉर्डातली मोठ्या सिस्टरची खुर्ची कालपरवापर्यंत गोऱ्या बायांची होती. आम्ही तिच्यावरची धूळ पुसायची, बसायचं नाही. मी अंगणात नाचायचीच बाकी होते.

आठवड्याच्या आत मामा मुलाला घेऊन हजर. पत्रिकेत नवरा लेफ्टनंट आणि नवरी कॅप्टन छापली तर लोक हसतील, म्हणून मी हुद्दा नको असं कळवावं, हे त्यांचं म्हणणं. चार महिन्यांसाठी कशाला तो उपद्व्याप? मी म्हटलं, चार महिन्यांचीच कॅप्टन, मग तुमचं काय बिघडतं? माझ्या तोंडाला तेव्हाही कुलूप नव्हतं.

मग मुलालाच विचारलं, "तुम्हाला तिसरा तारा मिळाला असता, तर नको म्हणाला असता?"

"न्हाई," तो माझ्याकडे बघूनच म्हणाला. "पण माझं येगळं हाये."

खोटं बोलला असता तर मी फसले असते. लग्न मीच मोडलं. वडील रजा संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

बसपाशी आई एवढंच म्हणाली, "उंची तेवढी मोजली म्या. हुद्दा मोजायचा राह्यला."

जालना येईपर्यंत मी रडत होते.

वॉर्डात गेल्यावर पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. ती उंच बायांच्या मापाची होती. पाय जमिनीला टेकायला दोन बोटं कमी पडले. मी तशीच बसून राहिले.