रेघकाकांनी पुसलेला नावाडी

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात जुनी पुस्तकं स्कॅन होतात. ओळीत शब्द मावला नाही की छापणाऱ्याने तो तोडून पुढे एक आडवी रेघ दिलेली असते. यंत्र ती रेघ उचलतं आणि शब्दाच्या ऐन मध्ये आणून ठेवतं. कागदावरचा डाग दिसला तरी त्यालाही रेघच समजतं. या उपऱ्या रेघा काढायचं काम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या काकांचं. म्हणून ते रेघकाका.

त्याआधी पस्तीस वर्षं ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होते. "तेव्हा रेघा मीच घालायचो," ते म्हणत. "आता मीच काढतोय. मग मी आयुष्यभर केलं तरी काय?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी यायचा. मला उत्तर कुठलं सुचायला? मी आपली चहाचं विचारायची.

काका पडद्यावर लाकडी पट्टी धरून एकेक ओळ वाचायचे. दिवसाकाठी दहा पानं झाली तरी डोक्यावरून पाणी. साहेबांनी त्यांना सगळ्या रेघा एका फटक्यात काढणारं बटण दाखवून ठेवलं होतं, पण काका त्याच्या वाटेला जात नसत. शेवटी एका नावाड्याच्या आठवणींचं ऐंशी पानी पुस्तक आलं. ते मोठ्या अक्षरांत हवं म्हणून कुणीतरी महिनाभर खेटे घालत होतं. साहेब मागे हात धुऊन लागले आणि काकांनी डोळे मिटून बटण दाबलं.

डोळे उघडले तर पानोपानी "मममला" आणि "होहोहोडी". काका चक्रावले. यंत्र एकेक अक्षर तीनतीनदा वाचतंय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग दोन दिवस डोळ्यांत तेल घालून जादाची अक्षरं उपटली. पुस्तक इतकं स्वच्छ झालं, की मला बोलावून दाखवलं. मीही वा वा केलं. माझी अक्कल तेवढीच.

पुस्तक न्यायला नावाड्याची मुलगी आली. सत्तरीच्या बाई, नजर गेल्यात जमा. घरातल्या जुन्या प्रतीतलं बारीक अक्षर आता त्यांना दिसेना. खुर्चीत बसून, भिंगाला डोळा लावून त्यांनी दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटलं.

"हे कुणाचं पुस्तक दिलंत मला?"

आम्ही मुखपृष्ठ पाहिलं, नोंद पाहिली, क्रमांक पाहिला. सगळं बरोबर. काका माझ्याकडे बघतायत, मी काकांकडे.

"माझे बाबा बोलताना अडखळायचे," बाई म्हणाल्या. "शाळेच्या मास्तरांनी ते बोलतील तसं, 'म-म-मला' असं रेघा घालून, लिहून घेतलं होतं. हा माणूस तर भाषण ठोकतोय!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्यांची दया आली, आणि साहेबांचा असा राग आला की काय सांगू.

पानांचे फोटो शाबूत होते, म्हणून काका पुन्हा पहिल्या ओळीपासून बसले. पण आता त्यांचा स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता. ही रेघ ओळीच्या टोकाची, की डाग, की नावाड्याची जीभ अडकली? बाई आठ दिवस शेजारी येऊन बसल्या. काका वाचायचे, त्या सांगायच्या, "इथे अडखळायचे. इथे नाही. पाण्याचं नाव काढलं की हमखास."

शेवटच्या पानावर काका थांबले. "होडी बांधून घ-घरात शिरलो. चि-चिमणी, अशी हाक मारली. मग आठवलं, ती शिकायला गेलीय."

"चिमणी म्हणजे मी," बाई म्हणाल्या. "माझं नाव घेताना बाबा कधी म्हणजे कधी अडखळले नाहीत. ती छापखान्याची चूक आहे. मी माझ्या प्रतीत तेव्हाच पेनाने खोडून टाकलीय. तुम्हीही काढा."

काका गोंधळले. एकच अक्षर दोनदा जुळवायची चूक त्यांच्याही हातून शंभरदा झाली होती. काढावी, तर पानावर ती ठळक उमटलेली. ठेवावी, तर मुलगी समोर बसून नाही म्हणतेय. त्यांनी पट्टी वर घेतली, परत खाली ठेवली.

"ताई," त्यांनी विचारलं, "ही हाक मारली तेव्हा तुम्ही तिथे होतात का?"

बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. भिंग मांडीवर ठेवलं.

"नव्हते," त्या म्हणाल्या. "मी नव्हतेच."

मला रडू येत होतं आणि रुमाल वरच्या मजल्यावर राहिला होता.

"राहू द्या ती रेघ," बाई म्हणाल्या. काकांनी ठेवली. मग बाईंनी विचारलं, "आणि माझ्या प्रतीत पेनाने खोडलेली कशी परत आणायची, तेवढं सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला चहाचं विचारणंसुद्धा सुचलं नाही.