साहेबांचा धागा आणि भरलेली मेमरी

साइट का उघडत नाही, हे लोक मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारायचे. मठ्ठा वाढणारा समोर उभा, आणि शेजारचा म्हणणार, "तुमचं ते फोरम आज पुन्हा बसलं हो!" माझं कसलं डोंबलाचं फोरम? फोरम साहेबांचं. मी त्याचा फुकटचा मेकॅनिक, आणि तोही अर्धाकच्चा.

साहेब म्हणजे नाशिकजवळच्या अंबडच्या आमच्या कारखान्यातले मेंटेनन्सचे प्रमुख. मी तिथंच कॉम्प्युटर विभागात होतो. प्रेस मशीनच्या धडधडाटात त्यांची हाक शेडच्या या टोकाहून त्या टोकाला जायची. शिवी कधी दिली नाही, पण असं काही बोलायचे की त्यापेक्षा शिवी परवडली. जेवणाच्या सुट्टीत माणसं डबे घेऊन त्यांच्याभोवतीच बसायची, कारण तिथं हसायला मिळायचं. नव्वदचं दशक संपता संपता त्यांच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. माणूस वाचला. आवाज गेला तो गेलाच.

मी भेटायला गेलो तेव्हा ते शाळकरी पोराची असते तशी पाटी मांडीवर घेऊन बसले होते. आपल्या लोकांची एक तऱ्हा असते. समोरच्याला बोलता येत नाही म्हटलं की त्याला ऐकूही येत नाही असं धरून चालतात. शेजारचे एक गृहस्थ रोज त्यांच्या कानाशी येऊन ओरडायचे, "आता कसं वाटतंय?" साहेबांनी पाटीवर लिहिलं, "मी बहिरा नाही." ते वाचून गृहस्थ आणखी वरच्या पट्टीत, "हो हो, अगदी बरोबर!"

आणि खरं सांगू का, पाटीवर गप्पा होत नाहीत. साहेबांचं लिहून होईपर्यंत समोरच्याचे डोळे घड्याळाकडे गेलेले असायचे. विनोद पुरा व्हायचा तेव्हा विषय कधीच पुढं सरकलेला. हळूहळू त्यांनी लिहिणंच सोडलं. वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काल दिवसभरात एकदाच लिहिलं. 'मीठ कमी.' बस."

म्हणून मी त्यांच्या घरी कॉम्प्युटर बसवून दिला, मराठीत टाइप करायला शिकवलं, आणि पुढं त्यांच्याच हट्टापायी इंटरनेटवर गप्पा मारायला हे फोरम उभं केलं. परदेशात कुठंतरी भाड्यानं घेतलेला सर्व्हर, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि सभासद म्हणजे कारखान्यातली आमचीच टाळकी. त्यांनी पहिला धागा, म्हणजे गप्पांचा विषय, काढला, "चहा झाला का?" नियम असा की आत येणाऱ्यानं आधी हजर असलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन रामराम घालायचा, मग आपलं घोडं दामटायचं. दोनेक वर्षांत तिथं कोण नव्हतं! मनमाडचे रेल्वेवाले, सटाण्याचे मास्तर, पुण्याच्या काकू, दुबईचे फिटर, अमेरिकेतली पोरं. सकाळी उघडावं तर रात्रीत पानंच्या पानं भरलेली. आम्ही कारखान्यातले सोडलो तर साहेबांना आवाज नाही हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तिथं ते सगळ्यांत बडबडे. एकीनं लिहिलं होतं, "अहो, किती बोलता तुम्ही, जरा श्वास तरी घ्या!" मी गेलो की ते वाक्य मला बोट ठेवून दाखवायचे आणि खांदे गदागदा हलवत हसायचे. त्या हसण्याला आवाज नव्हता, पण हसणं अगदी जेवणाच्या सुट्टीतलं होतं.

मग साइट जड व्हायला लागली. आधी पान यायला थोडा वेळ, मग चहा करून यावा इतका वेळ, मग पांढरं फटक पान. सर्व्हरची मेमरी भरायची. मेमरी म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. ओट्यावर जागा असेल तोवर काम झरझर होतं, ओटा भरला की भांडी खाली जमिनीवर ठेवायची, दर वेळी वाकायचं, उचलायचं, परत ठेवायचं. आमचा सर्व्हर दिवसातून चारदा असा वाकून वाकून आडवा व्हायचा.

कारणं शोधायला बसलो आणि हात टेकले. पहिलं कारण आमचे सभासद स्वतः. साइट हळू, त्यामुळं उत्तर दिसेपर्यंत गप्पा पुढं गेलेल्या. मग आपण कुणाला उत्तर देतोय हे कळावं म्हणून प्रत्येकजण समोरच्याचा अख्खा मजकूर आपल्या मजकुरात चिकटवायचा. त्याला उत्तर देणारा या दोघांचाही. "झाला" एवढं सांगायला हे पठ्ठे दीड हात मजकूर पाठवायचे! पान फुगायचं, साइट आणखी हळू व्हायची, म्हणून लोक आणखी चिकटवायचे. "पाठवा"चं बटण तर दारावरची कडी वाजवावी तसं वाजवायचे. एकच निरोप तीनदा उमटायचा, मग त्याबद्दल माफी तीनदा, मग "अहो माफी कसली" हेही तीनदा. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. सर्व्हर ठरावीक वेळांना का झोपतो, याचा मी सॉफ्टवेअरमध्ये तपास करत होतो आणि कारण होतं लोडशेडिंग. आमचे निम्मे लोक नाशिक जिल्ह्यातले. एखाद्या भागात वीज आली की तिथले सगळे एकदम कॉम्प्युटरवर, आणि पहिलं काम काय, तर चहाच्या धाग्यावर हजेरी. जत्रेतल्या पाळण्यात सगळे एकाच बाजूला बसल्यासारखं.

तिसरं कारण सगळ्यात खादाड. प्रत्येक पानाच्या वर "सध्या कोण कोण हजर आहे" ही नावं यायची, आणि जितक्या वेळा पान उघडेल तितक्या वेळा सर्व्हर सगळ्यांची नव्यानं मोजदाद करायचा. ते काढून टाकलं तर निम्मं दुखणं जाईल, असं मी साहेबांना सांगितलं. आधी जागा वाचवायला साइटवरचे फोटो काढून टाकले तेव्हा त्यांनी हरकत घेतली नव्हती, प्रत्येकाच्या मजकुराखालच्या नक्षीदार सह्या काढून टाकल्या तेव्हाही नाही. पण या वेळी पाटी ओढून घेतली आणि खडू दाबून लिहिलं, "ते नाही."

"साहेब, लोकांना त्याची गरज नाही."

"मला आहे. कोण बसलंय ते दिसलं पाहिजे."

"मग लोकांना तरी सांगा, अख्खा मजकूर चिकटवू नका, बटण एकदाच दाबा."

यावर त्यांनी जे लिहिलं ते त्यांचं कारखान्यातलं जुनं पालुपद. "ऑपरेटरला दोष द्यायचा नाही. आधी मशीन बघ." प्रेस बंद पडला आणि कुणी म्हणालं की कामगारानं चुकीचा हात लावला, तर साहेब त्याला सगळ्यांसमोर झापायचे. मशीन उघडून, पुसून, तपासून काहीच सापडलं नाही तरच माणसाकडं बघायचं, आणि त्यांना काही सापडलं नाही असं कधी झालंच नव्हतं. या एका सवयीपायी कामगार त्यांच्यावर जीव टाकायचे.

शेवटी मी सगळं नव्यानं बांधायला घेतलं. मोठ्या मेमरीचा दुसरा सर्व्हर, शोधायला सोपी पडेल अशी मजकुराची मांडणी, आणि हजेरीची मोजदाद अधूनमधून एकदाच करून ठेवायची, म्हणजे साहेबांची नावंही राहतील. सामान हलवताना जुना मजकूर अर्धाच उतरला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा तेच. दोन आठवड्यांत होईल म्हटलेलं काम पावसाळाभर लांबलं. त्या काळात फोरम बंद. साहेब रोज कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि साइट बंद असल्याची सूचना वाचून उठायचे. वहिनी म्हणाल्या, "पुन्हा मीठ कमी सुरू झालंय."

आणि एकदाचं झालं. पान उघडताना बोट बटणावरून उचलायच्या आत पुढचं पान हजर! मी आनंदानं ओरडलोच. साहेबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस हुळहुळत होतं. त्यांनी लगेच रामराम घातला आणि खुर्ची पुढं ओढून बसले. एक रेल्वेवाला आला, "वा, भारी झालंय" म्हणाला आणि गेला. पुण्याच्या काकू येऊन अभिनंदन करून गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणी नाही. तिसऱ्या दिवशी एकजण वाट चुकल्यासारखा.

लोक कुठं गेले ते मला दोन-चार फोनांत कळलं. फोरम बंद होतं तोवर एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला त्या नव्या साइटवर बोलावून घेतलं होतं, जिथं फोटो टाकायचे, जुने वर्गमित्र शोधायचे. "तिकडं सगळेच आहेत ना आता," दुबईचा एक फिटर म्हणाला. "साहेबांनाही आणा की!" मी सांगून पाहिलं. साहेब तिकडं एकदा बघून आले. तिथं सगळे आपापले फोटो लावून खाली "छान", "मस्त" म्हणत होते. बसून बोलत कुणीच नव्हतं.

त्यांनी लिहिलं, "लोकांना आत येता येत नाहीये. तू काहीतरी बिघडवलंस."

"साहेब, काही बिघडलेलं नाही."

"बघ नीट."

मग मी दर सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन नसलेला बिघाड शोधायला लागलो. आत येण्याचं दार तपासलं, पासवर्ड तपासले, जुन्या ब्राउझरमधून उघडून पाहिलं. प्रत्येक वेळी सगळं ठणठणीत. मेमरी जवळपास रिकामी. ज्या रिकाम्या मेमरीसाठी मी वर्षभर देव पाण्यात घातले होते, ती आता बघवत नव्हती. एकदा राग अनावर झाला आणि म्हणालो, "मशीन चांगलं आहे हो, साहेब! माणसं गेलीत!" साहेब माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यात कुणाच्या बघण्यानं मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी कारखान्यात बसून सहज फोरम उघडलं, तर चहाच्या धाग्यावर वर्दळ! एक नवाच सभासद आला होता आणि साहेबांशी सकाळपासून बोलत होता. त्याच्या मजकुराला साहेबांचं उत्तर, साहेबांच्या उत्तराला त्याची कोपरखळी. मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या टेबलावरच्याला चहा पाजला. एक जरी आला तरी बाकीचे येतील, असं वाटून गेलं. कोण, कुठला, हे बघावं म्हणून मी आतल्या नोंदी उघडल्या. कोणता निरोप कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आला, ते तिथं कळतं.

दोघांची जोडणी एकच होती. साहेबांच्या घरची. त्या घरात कॉम्प्युटर एक, आणि वहिनी त्यावरची धूळ पुसण्यापलीकडं त्याला हात लावत नसत.

संध्याकाळी गेलो. मी त्या नव्या सभासदाच्या नावावर बोट ठेवलं. साहेबांनी शांतपणे लिहिलं, "लोड देऊन बघतोय. कुठं अडकतं का ते." मेंटेनन्सवाला माणूस, मशीन दुरुस्त झालं की लोड देऊनच, म्हणजे कामाला लावूनच, बघणार. मी मान डोलावली. ते औषध घ्यायला आत गेले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसून धागा वर सरकवला आणि त्या दिवसाची सुरुवात वाचली.

साहेबांनी विचारलं होतं, "काय लेका, कुठं होतास इतके दिवस?"

नव्या सभासदानं लिहिलं होतं, "इथंच होतो साहेब, बाहेर उभा. साइट उघडत नव्हती."