तृप्तीला दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही— अठरा वर्षं एका घरात राहून त्याला वाटतं, मी विचार करून बोलते. तसं नाही. मी अडखळते. ‘प’ आला की ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. मग मी शब्द बदलते. पाऊस येणार असला तर ‘आभाळ भरलं’ म्हणते. माझं नाव पुष्पा. फोनवर मी नुसतं ‘मी बोलतेय’ म्हणते. इतकं जपलं हे, की कधी कधी मलाच वाटायचं— खरंच आहे का ते?

तेव्हा आम्ही खुर्सीपारला, कामगारांच्या वस्तीत राहायचो. नवरा स्टील प्लांटमध्ये ड्यूटीवर असायचा, दुपारी मी आसपासच्या मुलींची ट्यूशन घ्यायची. कूलरची घरघर, पडद्यातून झिरपणारा पिवळा उजेड— त्यांचं वाचन जणू पाण्याखालून ऐकू यायचं. तृप्ती आठवीतली. ती वाचायला लागली, अडली, की बाकीच्या मुली वह्यांमागे हसायच्या. मी त्यांना गप्प करायची. तिच्याकडे मात्र बघायची नाही. का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

एकदा सगळ्या गेल्या तरी ती थांबली. चेहरा उजळलेला— गर्दीत आपलं माणूस दिसावं तसा.

“म-म-मॅडम, तुमालेबी अटकते ना? मले समजलं. तुमी शब्द ब-बदलून टाकता.”

खोली कशी तरंगत होती. ‘हो’ म्हणायला काय लागत होतं? ‘ह’ तर मला कधीच अडत नाही.

“नाही,” मी म्हणाले. किती साफ आला तो शब्द! आणि तेवढ्यावर थांबले नाही— “मनावर घेतलं की सुटते ते. तूच कोशिश नाही करून राहिली.”

त्यानंतर ती यायची, पण वाचायची नाही. महिन्याभरानं तिची आई आली. तृप्तीनं शाळेत बोलणंच सोडलं होतं. घरी म्हणायची— माझीच गलती आहे, मॅडमनं सांगितलं. आईला माझा राग नव्हता. तिनं हात जोडले. “तुमच्यासारखं साफ बोलता आलं पाहिजे तिले. बस, एवढं करा.”

मी तिला चहा दिला. ‘बघते’ म्हणाले. तेव्हाही— सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून तृप्ती आली नाही. तिचं घर दोनच गल्ल्या सोडून होतं. इथं स्मृति नगरच्या घरात राहायला येईपर्यंत आम्ही आणखी तीन वर्षं तिथं राहिलो. त्या तीन वर्षांत मी त्या गल्लीत एकदाही गेले नाही. भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायची.