रिकामी गव्हाण

इद्रिस सारंग हा माणूस मला मनापासून आवडतो, आणि त्याच्या तोंडाला लागलेल्या कुलपाचा मला तितकाच राग येतो. गोराईच्या जेट्टीजवळ माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून त्याची सुतारकामाची शेड. दोघेही कोकणातले, मी मालवणकडचा, तो दाभोळचा. वडिलांबरोबर होड्या बांधायला तो इथे आला. मग फायबरच्या होड्या आल्या आणि सारंगांचं काम गेलं. वडील गावी परतले, हा राहिला. आता दारं-खिडक्या करतो, शुक्रवारी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजूला नमाजाला जातो, आणि दर डिसेंबरात गावातल्या चर्चसाठी नाताळचा गोठा बांधतो.

हे सुरू झालं इसिडोरमुळे. इसिडोर इथला जुना मासेमार, त्याची होडी कायम इद्रिसच्याच हातची. गोठ्याची कमिटी त्याच्याकडे होती तेव्हा त्याने सांगितलं, "आमच्या येशूला गोठा करून दे रे. जुन्या फळ्या असल्या तरी चालतील." इद्रिसला जुन्या फळ्या चालल्या नाहीत. बाळाला ठेवायची गव्हाण त्याने चांगल्या सागाची केली आणि ती करताना चपला शेडबाहेर काढल्या. मी खो-खो हसलो. म्हटलं, "इद्रिसभाई, ही शेड आहे की मशीद?"

"ईसा अलैहिस्सलामसाठी करतोय," तो म्हणाला. बस, एवढंच. ईसा म्हणजे येशू आणि अलैहिस्सलाम म्हणजे त्यांच्यावर शांती असो, हे मला नंतर विचारून विचारून कळलं. कुठल्याही पैगंबराचं नाव घेतलं की तो हे जोडतोच.

एकदा मी त्याला डिवचलं होतं. "काय रे, तुमचे सगळे पैगंबर तिकडे वाळवंटातच कसे उतरले? कोकणात यायची बोट चुकली का त्यांची?" मला वाटलं, चिडेल. त्याने रंधा थांबवला. "तसं नाय. प्रत्येक लोकांकडे कोणीतरी पाठवलेला आहे. कुराणात काहींची नावं सांगितली, काहींची नाय सांगितली."

"म्हणजे आमच्याकडे पण?"

"आला असणारच. नाव मला ठाऊक नाय. म्हणून कोणाबद्दल तोंड उघडायच्या आधी मी विचार करतो." आणि रंधा पुन्हा सुरू. माझी मस्करी तिथेच विरली.

या वर्षी इसिडोरच्या गुडघ्यांनी संप केला आणि कमिटी त्याच्या मुलाकडे, कार्लकडे गेली. कार्ल अंधेरीला ऑफिसात आहे. पोरगा मनाचा चांगला, पण डोकं गरम. नोव्हेंबरात सामान काढताना प्लास्टरच्या बाळ येशूचा हात मोडला. कार्ल लगेच शेडमध्ये हजर. "चाचा, यंदा बाळ पण तुम्हीच करा ना. सागाचं. एकदम झकास होईल."

"ते नाय जमणार."

"का? टाइम नाय?"

"टाइम आहे. जमणार नाय."

कार्लचा चेहरा उतरला. "म्हणजे गोठा चालतो, गव्हाण चालते, आमचा येशू तेवढा चालत नाय?" मी गल्ल्यावरून सगळं ऐकत होतो. मनात इद्रिसला म्हणत होतो, बोल ना मेल्या, दोन वाक्यं बोल! इद्रिस खाली बघून भुसा झाडत राहिला. "मग सगळंच राहू द्या," असं म्हणून कार्ल निघून गेला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी परतीच्या बोटीत मीही होतो. मशिदीतल्या ओळखीच्या एकाने इद्रिसला सगळ्यांसमोर सुनावलं, "दुसऱ्यांच्या देवाचा गोठा बांधता, लाज नाही वाटत?" इद्रिस खाडीकडे बघत बसला. इकडचे म्हणतात आमचा नाहीस, तिकडचेही म्हणतात आमचा नाहीस, आणि हा पाणी बघतोय. माझाच संताप झाला. घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

इकडे त्याची गव्हाण करून तयार होती. दर वर्षीसारखी त्याने ती आधीच करून ठेवली होती. तिकडे कार्लने डेकोरेटरकडून थर्माकोलचा तयार गोठा आणून चर्चच्या आवारात उभा केला, त्यात मोठंसं बाळ, भोवती लुकलुकते दिवे. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी कार्लला हाताला धरून शेडमध्ये आणला. "विचार याला. आज बोलल्याशिवाय सोडू नको."

इद्रिसने आधी माझ्याकडे रागाने बघितलं. मग कार्लला म्हणाला, "आम्ही कुठल्याच पैगंबराची मूर्ती करत नाय. त्यांचं नाव घेताना मी सलाम म्हणतो रे. त्यांच्या गालावर पटाशी कशी चालवू?"

कार्ल म्हणाला, "मग हे त्या दिवशी बोलायचं ना, चाचा! मी काय काय समजून बसलो."

"बोललो असतो तर पुढचं विचारलं असतंस. 'तुमच्यासाठी येशू देव की माणूस?' असं. मी खोटं बोललो नसतो. आणि खरं तुला लागलं असतं." तो म्हणाला. "गव्हाण दर वर्षी करतोय, कार्ल. आणखी काय बोलायचं होतं?"

कार्लने गव्हाणीवरून हात फिरवला. "आता ते बसवून झालंय. फादरांनी आशीर्वाद पण दिला," तो पुटपुटला. पुढच्या वर्षाचं त्याने काही काढलं नाही आणि इद्रिसनेही विचारलं नाही. मला दोघांच्याही एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली.

शेडमध्ये जागा नव्हती म्हणून गव्हाण माझ्या दुकानात आली. लुकलुकणारा गोठा बघून लोक जेट्टीवरून जात-येत होते. मी चिडलेलाच. म्हटलं, आता हिचा काहीतरी उपयोग तरी करू, आणि खिळ्यांचे डबे उचलून तिच्यात ठेवायला वाकलो. वाकल्यावर लक्षात आलं की दुकानात एरवी पायातच असणाऱ्या माझ्या चपला उंबऱ्याबाहेर आहेत. डबे मी पुन्हा जमिनीवर ठेवले. ते अजून तिथेच आहेत.